रोबो राबतो, डॉक्टर बसतात

चौकाचौकांत हल्ली 'रोबोटिक शस्त्रक्रिया'चे फलक झळकतात. यंत्रापुढे हाताची घडी घातलेले सर्जन. बघणाऱ्याला वाटावं, साहेबांनी हात टेकले, आता पुढचं यंत्र बघून घेईल.

प्रत्यक्षात हा रोबो कमालीचा आज्ञाधारक. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेला 'दा विंची' स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन कोपऱ्यातल्या कन्सोलमध्ये डोकं खुपसून बसतो. तो बोटं हलवेल तशी रुग्णाच्या पोटातली हत्यारं हलतात, फक्त हाताची थरथर वगळून.

हत्यारांचा तोरा मात्र वेगळाच. प्रत्येकाचे वापर मोजले जातात. बरीच वर्षं अनेकांची मर्यादा १० शस्त्रक्रियांची होती. अकराव्या वेळी कात्री कितीही धारदार असो, यंत्र तिला ओळख दाखवत नसे.

कौशल्याबद्दल शंका नको. याच यंत्राने द्राक्षाची साल सोलून पुन्हा शिवल्याचा व्हिडिओ जगभर गाजला.

द्राक्षानंतर माणूस. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला. शस्त्रक्रिया अर्ध्यात सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोकडे ८.१ टक्के, साध्या दुर्बिणीकडे १२.२. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. खर्च मात्र रोबोचा जास्त निघाला. तिथे कुणी फारशी शंका घेतली नाही.

आपल्याकडे विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रियेला आरोग्यविम्यात जागा दिली आणि कंपन्यांना उपमर्यादा घालायची मुभाही. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी उरलेली रक्कम नातेवाइकांनाच मोजावी लागते, तीही हाताने.