पॅसिफिकचे संघ, अटलांटिकचा गट

स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या बाजूची. २०२४ पासून त्यांचे संघ ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात. टीव्हीच्या पैशातला जेमतेम तीस टक्के वाटा पत्करून ती तिथे गेली. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर हा वाटा नऊ वर्षं सोडूनच दिला. आत शिरायला मिळालं, एवढंच पुष्कळ!

अमेरिकेतली विद्यापीठं लांबट चेंडूचं ते फुटबॉल गटागटाने खेळतात. हे गट पडले शेजाराने. पश्चिम किनाऱ्याचा गट १९१५चा. पुढे त्याचं नाव पॅक-१२ झालं. टीव्हीच्या हक्कांवर एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची पकड होती, ती १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडली. तेव्हापासून जो तो आपापला सौदा करू लागला. निकालाला विरोध करणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते. पुढचं त्यांना दिसलं होतं.

जून २०२२मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. हा गट मुळात शिकागोच्या आसपासचा. दोनच महिन्यांच्या आत त्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. लॉस एंजेलिसची प्रचंड प्रेक्षकसंख्या त्यांना हवी होती, ती मिळाली. मग ४ ऑगस्ट २०२३ला पॅक-१२मधून एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली.

स्टॅनफर्ड आणि बर्कलीही गेली. शेवटी उरली दोन: कॉर्व्हालिसची ओरेगन स्टेट आणि पुलमनची वॉशिंग्टन स्टेट. ती खेळात कमी पडली म्हणावं, तर त्याच सप्टेंबरात दोघं एकमेकांशी भिडली तेव्हा दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचवीसांत होते. गावं लहान, टीव्हीसमोर बसणारी माणसं थोडी, एवढाच त्यांचा गुन्हा. शंभर वर्षांच्या शेजाऱ्यांनी त्यांना असं वाऱ्यावर सोडलं, याचा मला संताप येतो.

त्याहून जास्त राग येतो तो व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींचा विचार केला की. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी. या मुलींचे सामने मात्र कॉलेजच्या ऐन दिवसांतही असतात. यूसीएलएच्या मुलींनी गटातल्या सामन्यासाठी न्यू जर्सीच्या रटगर्सला जायचं म्हणजे चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. करार झाला फुटबॉलच्या जिवावर, विमानतळावर ताटकळायचं यांनी आणि परीक्षाही यांनीच द्यायची.

यूसीएलए आणि बर्कली या एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा. एक गेल्यामुळे दुसरीचं नुकसान झालं, म्हणून २०२४मध्ये नियामक मंडळाने यूसीएलएला वर्षाला एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले, तीन वर्षं. लोकांनी याला सरळ पोटगी म्हटलं.

उपाय अवघड नाही. फुटबॉलचे गट वेगळे काढा, बाकीचे खेळ शेजाऱ्यांशी खेळू द्या. डिसेंबर २०२३मध्ये यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी हेच उघडपणे सांगितलं. ज्याच्या खेळासाठी हा खटाटोप झाला, तोच माणूस हे बोलला, तरी बिग टेनने व्हॉलीबॉलच्या वेळापत्रकात रटगर्स ठेवलंच.