बुलेटच्या गिअरबॉक्सला काय पाजावे : नवशिक्यांसाठी सचित्र (चित्रे वगळून) मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. वडिलांच्या, मामांच्या किंवा एखाद्या निवृत्त सुभेदारांच्या कृपेने तुमच्या दारात बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट उभी आहे. आता तिच्या गिअरबॉक्समध्ये काय घालायचं, एवढाच किरकोळ प्रश्न उरला. तो बुलेटवाल्यांच्या घोळक्यात विचारू नका. चहा त्यांचा असला तरी विचारू नका.

पायरी पहिली : कोणतं भोक कशाचं, ते ओळखा. या गाडीत तेल तीन ठिकाणी असतं. इंजिनाचं वेगळं, डावीकडच्या चेनकेसमधलं क्लचचं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. म्हणून येझदीवाल्या किंवा आरएक्स १०० वाल्या मित्राचा सल्ला आदराने ऐकून सोडून द्यावा. त्यांच्याकडे क्लच आणि गिअर एकाच तेलात नांदतात. तिथे तेलात भलतंच काही मिसळलेलं असलं की क्लच घसरायला लागतो. तुमच्या डब्याला ती काळजी नाही. नव्या क्लासिकचं मॅन्युअलही मोबाइलवर उतरवून घेऊ नका, तिच्या युनिट इंजिनात सगळ्यांना मिळून एकच तेल.

पायरी दुसरी : मूळ पुस्तिका मिळवा, वाचा, आणि नीट घडी घालून ठेवून द्या. हा चार गिअरचा डबा मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियनचा. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचच्या मूळ कंपनीशी हातमिळवणी करून एनफिल्ड इंडिया काढली, तिरुवोट्टियूरला गाड्या होऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत हा डबाही इथलाच झाला. जुन्या इंग्रजी पुस्तिका त्यात पातळ ग्रीस भरायला सांगत, कारण साधं तेल डब्यात टिकत नसे. ‘पातळ’ हा शब्द मद्रासहून इकडे येईपर्यंत वाटेत कुठेतरी गळाला. उरलं ते ग्रीस. मग गॅरेजमध्ये जे हाताशी असेल, म्हणजे चाकाच्या बेअरिंगचं, तेच मुठीने ठासण्याची परंपरा सुरू झाली. ती काही ठिकाणी अजून श्रद्धेने पाळली जाते.

याने काय होतं ते बघायचं असेल तर ग्रीसच्या डब्यात बोट फिरवा. बोटाची वाट तशीच राहते, कडेचं ग्रीस परत आत येत नाही. गिअरचे दातही हेच करतात. एकदा आपल्यापुरती वाट कोरतात आणि पुढे कोरडेच फिरतात. दातांचं एक वेळ निभेल, पण शाफ्टवरच्या ब्राँझच्या बुशांपर्यंत काहीच पोचत नाही. ग्रीसला ०००पासून ६पर्यंत नंबर असतात. डब्यातलं नेहमीचं ग्रीस २ किंवा ३ नंबरचं. या गिअरबॉक्सला चालेल असं ग्रीस ००, जे डबा तिरका केला की हळूहळू वाहतं. दुकानात ‘डबल झीरो’ मागितलंत की दुकानदार तुमच्याकडे नव्या नजरेने बघेल, तेवढं सोसा.

पायरी तिसरी : आकड्यांना घाबरू नका. ग्रीसपेक्षा सरळ नव्वद नंबरचं गिअर ऑइल मागा. दुकानदार म्हणेल, “नव्वद फार जाड होईल साहेब, वीस-पन्नास घेऊन जा.” नव्वद हा पन्नासपेक्षा मोठा आकडा आहे हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलचं ९० साधारण १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स भरतं, आणि इंजिन ऑइलचं ५० सुमारे १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर दोघं जवळपास सारखेच. कधी कधी नव्वदच जरा पातळ. पंचवीस वर्षं काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याच्या फंदात मात्र पडू नये. नव्वद मागावं, पैसे द्यावेत, निघावं.

निघण्याआधी डब्याची मागची बाजू वाचा. जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार दिसतील. पाच चारपेक्षा मोठा, म्हणून तो चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. जीएल-५ हे मुख्यतः ट्रकच्या डिफरन्शियलसारख्या जबर दाबाच्या गिअरसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त, आणि काही तेलांतली ही रसायनं गरम झाली की ब्राँझला हळूहळू खातात. बुश रातोरात विरघळत नाहीत, पण तुमच्या डब्यात तेवढा दाबच नाही, तर विषाची परीक्षा कशाला? ईपी ९०, जीएल-४. माझं मत विचाराल तर विषय इथेच संपतो.

पायरी चौथी : ओता. आधी गाडी पाचेक किलोमीटर फिरवून आणा, गरम तेल लवकर उतरतं. खालचा ड्रेन बोल्ट काढून जुनं तेल परातीत घ्या (स्वयंपाकघरातली परात नको) आणि दोन थेंब बोटांत चोळून उन्हात धरा. बोल्टला राखाडी चिखल चिकटलेला असेल तर नवल नाही, ती वर्षानुवर्षांची झीज आहे. बोटांवर सोनेरी चकाकी दिसली तर मात्र बुश तेलात उतरू लागलेत. लोखंडाचा टवका सापडला तर उरलेल्या पायऱ्या वाचू नका, मेस्त्रीकडे जा.

नवीन तेल भरताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असावी. लेव्हलचा बोल्ट काढून ठेवा, तिथून तेल ओघळायला लागलं की थांबा. “अजून थोडं असू दे” हा जेवणाच्या पंगतीतला आग्रह इथे करू नये. जास्तीचं तेल पोकळ शाफ्टमधून पुशरॉडच्या वाटेने क्लचकडे जातं, आणि मग क्लच घसरला की लोक तेलाच्या ब्रँडला शिव्या घालतात.

पायरी पाचवी : गळतीशी जुळवून घ्या. तेल गळणारच. पुढच्या स्प्रॉकेटमागून गळेल, किकच्या शाफ्टपाशी गळेल, सोसायटीच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर गळेल. सील बदलून बघा, खाली पुठ्ठा टाका, महिन्याला लेव्हल बघून भर घाला. तेवढ्यानेही भागत नसेल तरच त्या नव्वदमध्ये थोडं डबल झीरो मिसळा. तीन नंबरला हात लावायचा नाही, चेअरमन कितीही चिडले तरी.

शेवटची सूचना. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गिअर सुटून खोटा न्यूट्रल लागत असेल तर जगातलं कुठलंही तेल तो घालवणार नाही. ते गिअर लिव्हरच्या यंत्रणेचं सेटिंग आहे, जाणकाराकडून करून घ्या. आणि सिग्नलला खरा न्यूट्रल सापडत नसेल तर गिअरबॉक्सवरचा तो छोटा जास्तीचा दांडा बघा. पहिला सोडून कुठल्याही गिअरमध्ये असाल तेव्हा क्लच दाबून टाचेने तो खाली ढकला. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांकडे बघू नका.