एकास त्रेचाळीस

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावरच्या उंच इमारतींच्या प्रत्येक संकुलात निदान एक तरी गृहस्थ असा असतो, जो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे पाठ करून कधीही बसत नाही आणि पाहुण्याचा हात त्या कपाटाच्या दिशेने चार बोटे सरकला, की ज्याच्या कपातला चहा बशीत उतरतो. त्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. कपाटात मोटारी आणि विमाने असतात. त्यांना ‘खेळणी’ म्हटले तर तो रागावत नाही, फक्त खिन्न होतो आणि पुढचा पाऊण तास ‘स्केल मॉडेल’ या संज्ञेचे विवरण करतो. हे विवरण थोडक्यात असे, की मूळ वाहनाची प्रत्येक लांबी एकाच ठरावीक संख्येने भागून जी प्रतिकृती तयार होते ती स्केल मॉडेल होय. बाकी सारा प्लास्टिकचा बाजार. विमानांसाठी प्रचलित असलेले १:७२ हे प्रमाण एका इंचाला सहा फूट या इंग्रजी हिशेबातून आले, तर मोटारींचे १:४३ हे विचित्र प्रमाण ब्रिटिश खेळण्यांच्या रेल्वेतून, जिथे एका फुटासाठी सात मिलिमीटर धरले जात. आगगाडी बहुतेकांच्या घरातून गेली, भागाकार मात्र मागे राहिला.

या गृहस्थाच्या खिशात नेहमी व्हर्नियर असतो. व्हर्नियर म्हणजे सरकत्या जबड्याचे, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत माप देणारे पोलादी उपकरण. ते वडिलांकडून आलेले आहे आणि त्याचा वापर केवळ कपाटापुरता ठेवावा असे त्याच्या मालकास वाटत नाही. दिवाळीत संकुलातल्या मुलांनी मातीचा किल्ला केला, तेव्हा त्याने वाकून मापे घेतली आणि सिंहासनावरचे महाराज एकास बारा, महादरवाजा एकास नव्वद, तर पायथ्याचा वाघ जवळजवळ एकास पाच असल्याचे जाहीर करून, या दरवाज्यातून महाराजांना गडावर जाता येणार नाही अशी रास्त शंका काढली. हळीव पेरण्यात गुंतलेल्या एका मुलीने मान वर न करता, “काका, महाराज मोठेच असतात,” असे उत्तर दिले. तो निरुत्तर होऊन घरी परतला खरा, पण वाघाचे काय, हा प्रश्न त्याने रात्री जेवताना पुन्हा काढला.

संग्राहकांच्या जगात वर्णव्यवस्था आहे आणि ती किमतीवर चालते. तळाशी दीड-दोनशे रुपयांच्या, पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद असलेल्या हॉट व्हील्स. १९६८ साली सुरू झालेल्या या गाड्या साधारण १:६४ प्रमाणाच्या म्हणवल्या जातात, पण प्रत्यक्षात अवाढव्य ट्रक आणि चिमुकली मोटार दोन्ही एकाच वेष्टनात बसावीत म्हणून जवळपास सारख्याच लांबीच्या केलेल्या असतात. या तडजोडीला ‘बॉक्स स्केल’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना संग्राहकाच्या चेहऱ्यावर दुधात मीठ पडल्याचा भाव येतो. एवढे असूनही दर शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तो शटरापाशी उभा असतो, कारण १९९५ पासून या गाड्यांत ‘ट्रेझर हंट’ नावाच्या काही दुर्मीळ गाड्या मिसळल्या जातात आणि आकड्यांवर टांगलेल्या शेदोनशे पाकिटांतून त्या हुडकून काढण्याला ‘पेग हंटिंग’ म्हणतात. इंग्रजीत पेग म्हणजे खुंटी. परंतु सकाळी नऊला ‘पेगच्या शोधात निघालोय’ असे फोनवर सांगणाऱ्या जावयाबद्दल डोंबिवलीच्या सासुरवाडीत काही काळ जी कुजबुज चालली, तिला व्याकरणाचा इलाज नव्हता.

मधल्या पायरीवर हजार-दोन हजारांच्या, रबरी टायरांच्या गाड्या येतात. त्यावर १:१८ च्या, पंधरा-वीस हजारांच्या, ज्यांची दारे उघडतात, चाके वळतात आणि बॉनेटखाली इंजिनाच्या वायरी दिसतात. अगदी शिखरावर जर्मनीच्या सीएमसी कंपनीच्या हजाराहून अधिक सुटे भाग जोडून केलेल्या गाड्या आणि ब्रिस्टलच्या अमाल्गमच्या १:८ च्या लाखो रुपयांच्या प्रतिकृती. त्या त्याने फक्त छायाचित्रांत पाहिल्या आहेत, आणि तेही मोबाइल दोन्ही हातांनी धरून.

किंमत ही एकच गोष्ट अशी, की जिच्यावर तो व्हर्नियर चालवत नाही. १:१८ ची अठरा हजारांची मर्सिडीज घरात शिरताना हजार रुपयांची होते. प्रमाण चोख पाळलेले असते, हे मान्य करावे लागते. एकदा पत्नीने सहज, “अहो, एवढ्यात मिळते तर दादाच्या मुलालाही एक आणा की वाढदिवसाला,” असे सुचवले, तेव्हा एकास अठराचा गुणाकार उलट दिशेनेही होतो हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले आणि भाच्याला क्रिकेटची बॅट मिळाली.

विमानांचे दालन लहान, पण अभिमान मोठा. ठाण्यातल्या कोलशेतला हवाई दलाचे ठाणे आहे आणि त्याला धावपट्टी नाही, त्यामुळे या परिसरातले सर्वांत जवळचे मिग-२१ आपल्या कपाटात आहे, हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला ऐकावे लागते. सव्वासात मीटरांहून किंचित कमी पंखविस्ताराचे हे विमान १:७२ मध्ये तळहातावर मावते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिगना निरोप दिला गेला, त्या दिवशी त्याने कपाटाचे दार उघडून विमानाचे नाक उत्तरेकडे वळवले आणि कार्यालयात रजा टाकली. शेजारी एअर इंडियाचे १९७१ चे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट आहे, ७० मीटरांचे, १:४०० मध्ये सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवतीची रंगवलेली महिरप भिंगाखाली मोजून झालेली आहे.

या व्यसनाचा समाजाला उपयोग एकदाच झाला, आणि समाजाने तो करून घेतला नाही. कोलशेतच्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनींवर गृहसंकुले उठू लागली, तेव्हा सदर गृहस्थ घर पाहायला एका विक्री-कार्यालयात गेला. तेथे वातानुकूलित दालनाच्या मध्यभागी काचेखाली संपूर्ण संकुलाची प्रतिकृती होती, दिवे लागणारी, निळ्या तलावाची. बाकीची जोडपी हप्त्यांचे गणित मांडत असताना याने काचेच्या फटीतून व्हर्नियर आत सरकवला. दोन मजल्यांमधले अंतर तीस मिलिमीटर भरले, म्हणजे इमारत एकास शंभर. मोटारी मात्र सव्वीस मिलिमीटरच्या. जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीएवढी, सुमारे ३.९ मीटरची गाडी एकास शंभरला एकोणचाळीस मिलिमीटर भरायला हवी. सव्वीस म्हणजे एकास दीडशे. झाडे याच्या उलट, दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेली. गाड्या आखूड केल्यामुळे रस्ते रुंद आणि पार्किंग ऐसपैस दिसत होते, हे त्याने खणखणीत आवाजात सांगितले. विक्री-अधिकारी मुलीने गोड हसून, “सर, ते फक्त इंडिकेटिव्ह आहे,” असे सांगितले. त्याच दिवशी त्याने टोकन भरले, कारण दिवाणखान्याची एक भिंत कपाटाला नेमकी पुरत होती. आज त्या पार्किंगमध्ये दोन्ही आरसे मिटून, श्वास रोखून, गाडीतून तिरके उतरताना तो रोज ‘एकास दीडशे’ असे पुटपुटतो.

कपाटात खालच्या कप्प्यात, दिव्याच्या झोतापासून थोडी दूर, एक काळीपिवळी पद्मिनी आहे, १:४३ ची. तिच्यासमोर कोणाची किंमत किती हा विषय निघत नाही. वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारे घडवणाऱ्या विभागात होते आणि डोंबिवलीहून लोकलने जात. त्याच कंपनीच्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात काही वर्षे फ्रेंच प्यूजो ३०९ तयार झाली. आता तिथल्या ‘प्रीमियर ग्राउंड’चे नाव राजकीय सभांच्या निमित्ताने ऐकू येते. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ती हद्दपार झाली. प्रतिकृतीला मीटर नव्हता. मुंबईच्या टॅक्सीला तो डाव्या अंगाला, बाहेर, काचेच्या पुढे असे. त्याने प्लास्टिकच्या तुकड्यातून तो घडवला, लाल रंग दिला आणि चिकटवला. एवढ्या संग्रहात त्याच्या हातची वस्तू तेवढी एकच.

वडील कोलशेतला राहायला आले, तेव्हा त्यांनी न विचारता कपाट उघडले, टॅक्सी उचलली आणि मुलाच्या खिशातला आपलाच व्हर्नियर मागून घेतला. कपातला चहा या वेळी सांडला नाही. “सहा मिलिमीटर,” ते म्हणाले, “गुणिले त्रेचाळीस, म्हणजे सव्वीस सेंटिमीटर जाडीचा मीटर. टॅक्सीवाला काय पेटी घेऊन फिरत होता? कानस आण. बारीक, चपटी.” घरात कानस नव्हती, सुनेची नखे घासायची पट्टी सापडली. ती घेऊन ते गॅलरीत उजेडाला बसले. दोनदा घासत, एकदा मोजत, आणि मुलगा दोन बोटांत टॅक्सी घट्ट धरून उभा.