सिल्क बोर्डावरच्या लाटा

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचावरच्या बंगळुरूत लाटा नाहीत, अशी आमच्या मुंबईच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे. "हवा छान गं तुमची, पण चौपाटी नाही," असं म्हणून ते हळहळतात. त्यांना मी संध्याकाळी साडेसहाला सिल्क बोर्डाच्या चौकात नेऊन उभं करते.

होसूर रोडवर कुणीतरी फोन बघायला हलकेच ब्रेक दाबतो. मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा थांबतोच. पहिला केव्हाच पसार झालेला असतो. थांबणं मात्र गाडीमागून गाडी मागे सरकत राहतं. हा अस्सल अनुतरंग! बंपरला बंपर टेकले की संपीडन, रिक्षावाल्याला तिसरा गिअर आठवला की विरलन. लगतच्या दोन संपीडनांमधलं अंतर ती तरंगलांबी. अय्यंगार बेकरीच्या पायरीवर बन खात एकक वेळात किती संपीडनं समोरून गेली ते मोजा, ती वारंवारता. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग.

जपानी शास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मीटरच्या वर्तुळावर 22 गाड्या फिरवल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, वरात नाही; तरी कोंडी झाली आणि ताशी साधारण 20 किलोमीटर वेगाने मागे सरकली. म्हणजे आमच्याकडे कोंडीच तेवढी वेळेवर पोचत असणार.

यावर बंगळुरूकरांचा उपाय हॉर्न. पण हॉर्न कितीही जोरात वाजवा, वाढतो तो आयाम. ध्वनीचा वेग हवा ठरवते: सेकंदाला सुमारे 340 मीटर. आवाज कधीच पुढच्या सिग्नलला लागतो, आवाज करणारा जागच्या जागी. तरंग ऊर्जा नेतो, माल नेत नाही. पाठ्यपुस्तकातलं हे वाक्य मला मीटर पडत असताना कळलं. जवळ येणाऱ्या हॉर्नची पट्टी चढते आणि लांब जाताना उतरते, तो डॉप्लर परिणाम इथे फक्त फुटपाथवर ऐकू येतो. वेगात जाणारे दुचाकीवाले तिथेच असतात.

सर सी. व्ही. रामन 1933 साली याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. 1935-36 मध्ये त्यांनी नागेंद्र नाथांसह एक सिद्धांत मांडला: द्रवातून श्राव्यातीत ध्वनितरंग जात असले की त्या दाट-विरळ थरांतून जाणारा प्रकाशही अनेक दिशांना फुटतो. प्रकाशाची ही कथा, तर आमच्या रिक्षाने गल्लीबोळांत का फुटू नये?

कोंडीच्या लाटेवर खरा उतारा एकच: पुढे अंतर राखून एकाच वेगाने चालवणं, म्हणजे लाट त्या मोकळ्या जागेतच जिरते. मी हे रिक्षावाल्याला सांगून पाहिलं, "अण्णा, थोडा गॅप ठेवा."

"गॅप बिट्टरे बस्सू बरुत्ते," अण्णा म्हणाले. गॅप सोडली तर बस घुसते.

घुसलीच. तिच्यामागून दोन स्कूटर आणि एक पाण्याचा टँकरही. जपान्यांनी प्रयोगासाठी बंद वर्तुळ का निवडलं असेल, ते तेव्हा लख्ख कळलं.