मुलाखतबहाद्दर

धाराशिवच्या बसस्थानकाजवळ कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तो भेटतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मित्राचे बूट, प्लॅस्टिकची फाइल. पुण्याचं कॉल सेंटर असो की सोलापूरचं दुचाकी शोरूम, जागा निघाली की हा हजर. रोजगार मेळाव्याला तर मंडपवाल्याच्या आधी पोचतो.

फाइल चोख, फक्त गावाचं त्रांगडं आहे. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. गुणपत्रिका जुन्या नावाच्या, बायोडेटा नव्या नावाचा. पुण्यातल्या मॅडमनी विचारलं, "शिफ्ट कधी झालात?"

"आम्ही जागचे हललो नाही, मॅडम. पाटी बदलली."

मॅडमनी 'स्थलांतराची तयारी' या रकान्यात काहीतरी खरडलं.

अनुभवही आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधर म्हणून महिना 10,000 रुपये विद्यावेतनावर तो एका कार्यालयात बसला. येणाऱ्याला 'साहेब जेवायला गेलेत' असं नम्रपणे सांगणं हे मुख्य काम. बायोडेटात त्याचं 'ग्राहकसेवा' झालं, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटंही नाही.

'टेल मी अबाउट युअरसेल्फ'चं उत्तर तो आरतीसारखं म्हणतो. मध्येच अडवलं की पुन्हा पहिल्यापासून. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?' याला तर तो घाबरतच नाही. नीती आयोगाच्या यादीत 2018 पासून अख्खा जिल्हाच 'आकांक्षित' आहे, मग याला आकांक्षांचा काय तोटा?

घोडं अडतं पेनावर. 'हा पेन मला विकून दाखवा' हा प्रश्न 2013 च्या 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'नं जगभर गाजवला आणि कुणी पाठवला कोण जाणे, थेट इथल्या मुलाखतींत आला. बहाद्दर शाईचा रंग, पकड, गॅरंटी असं सगळं घडाघडा सांगतो. साहेब जांभई देतात.

वडील उस्मानाबादी शेळ्यांचे व्यापारी. आठवडी बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात आयुष्य गेलेलं. एकदा पोराचा सराव ऐकून त्यांनी पेन काढून घेतला, टोपण उघडलं, मिटलं, खिशात टाकला.

"आधी हे सांगा, घ्यायला आलाव का नुसतं बगायला? अन् लिवायचं काय हाय तुमाला?"

विक्रीच्या शिकवणीत हजारो रुपये घेऊन ग्राहकाची गरज ओळखायला शिकवतात ती हीच. बहाद्दरानं वाक्य वहीत टिपलं. खाली लिहिलं : इंग्रजी करून घेणे.