सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुटका. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. गावाला त्यासाठी लागलं काय? एक भोंगा, आणि घरोघर समजावत फिरणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई.

ही बातमी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आली ती अर्थातच फॉरवर्ड होऊन, पहाटे पाच चाळीसला.

सोसायटीत सगळेच दमलेले. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाची मान आखडते, कुणाचा अंगठा. आयटीतल्या पोरांना तर रात्री अकरालाही साहेबाचा फोन येतो. ऑफिस सुटल्यावर तो न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. विधेयक कागदावर राहिलं, साहेब लाइनवर राहिला.

तर आपणही भोंगा वाजवायचा, असं ठरलं. ताबडतोब ‘मोबाइलमुक्त संध्याकाळ’ हा ग्रुप निघाला. पहिल्याच रात्री दोनशे मेसेज. सात की साडेसात, यावर मतदान. भोंग्याने बी विंगमधल्या आजोबांचं बीपी वाढेल, म्हणून भोंगा रद्द. त्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या फोनवर सातचा गजर लावायचा. म्हणजे फोन सोडायची आठवण फोननेच करायची. दारू सोडण्याची शपथ गुत्त्यावर बसून घ्यावी, तसं. शिवाय फोन बंद केल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तो कसा काढायचा, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, मी तोवर अंगठा वर करून मोकळा झालो होतो.

पहिल्या दिवशी मी खरोखर फोन बंद करून कपाटात ठेवला. दहा मिनिटं छान गेली. आमच्या घरातल्या भिंतघड्याळाला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग खालून हाक आली, "ओऽऽ चारशे दोन!"

गॅलरीत गेलो. गेटवर डिलिव्हरीवाल्यांची ही रांग. आमच्याकडे पाहुण्याला आत सोडायचं तर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘हो’ म्हणावं लागतं. अ‍ॅप आलं तेव्हा इंटरकॉम काढला आणि वॉचमनकाकांची वहीही रद्दीत घातली. आता अख्ख्या सोसायटीत ‘हो’ म्हणायला कुणीच नव्हतं. काका एकेका फ्लॅटचा नंबर पुकारत होते. आवाज असा खणखणीत, की भोंग्यावर उगाच वाद घातला असं वाटलं.

मी धावत खाली गेलो. माझंच पार्सल होतं. फोन कुलूपबंद करून ठेवायची डबी, वेळ लावता येणारी, मागच्या आठवड्यात मागवलेली.

"काका, ओटीपी सांगा," पोरगा म्हणाला.