वायरिंग तेवढं राहिलंय

ज्यांच्या घरी चहाला गेले असता कपबशीच्या आधी हातात बॅटरी येते आणि ‘जरा हितं धरा, अंहं, खाली, आणखी खाली’ असे हुकूम सुटू लागतात, अशा गृहस्थांशी वाचकांपैकी बहुतेकांचा ऋणानुबंध असणारच. तेव्हा त्या जातीची लक्षणे सांगत बसण्यात मी कागद खर्च करीत नाही. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. मिसरूड फुटण्यापूर्वीच उद्यमनगरातल्या एका लेथवर उभे राहिलेले, पुढे पदविका पदरात पाडून घेऊन विलायतेस आलेले, आणि आता कॉव्हेंट्री शहरी निवृत्त होऊन माझ्या घराच्या डाव्या भिंतीपलीकडे राहणारे. येथील मराठी मंडळी त्यांना ‘विश्वकर्मा’ म्हणतात, आणि त्या संबोधनात आदर किती व उपहास किती याची वाटणी अद्याप कोणी केलेली नाही.

या विश्वकर्म्यांनी, थोरला मुलगा प्राथमिक शाळेत असताना, आपल्या गॅरेजात स्वहस्ते एक मोटार बांधावयास घेतली. मी ती प्रथम पाहावयास गेलो तेव्हा लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक चासी, खुंटीला अडकवलेले एक स्टिअरिंग, आणि जागेच्या अभावी निजण्याच्या खोलीतल्या कपाटात वहिनींच्या पैठणीशेजारी उभी केलेली फायबरग्लासची दोन मडगार्डे, एवढाच तिचा विस्तार होता. ‘कुठवर आलं?’ असे मी केवळ शिष्टाचार म्हणून विचारले. चिंधीला हात पुसत, ज्यात संशयाला तिळमात्र थारा नाही अशा स्वरात ते उत्तरले, ‘झालीच की! वायरिंग तेवढं राहिलंय.’

एंजिन अद्याप चासीवर नव्हते. ते अंगणात होते, आणि त्यात पावसाचे पाणी गेले होते.

पुढे हे वाक्य ऋतुमानाची पर्वा न करता माझ्या कानावर पडू लागले. जेवणाच्या मेजावर गिअरबॉक्स उघडा पडलेला असताना, आणि त्यामुळे पाहुण्यांना ताटे मांडीवर घेऊन जेवावे लागत असताना, ‘वायरिंग तेवढं राहिलंय’. पुरणपोळीच्या तव्यावर बेअरिंग तापत ठेवल्याबद्दल वहिनींनी दोन दिवस अबोला धरला असताना, ‘वायरिंग तेवढं’. आणि एका शोकसभेत शेजारच्या सद्गृहस्थांनी दबल्या आवाजात ‘काय, कसं काय?’ एवढेच विचारले असता, दिवंगताच्या तसबिरीकडे पाहत पाहत, तेच. थोरल्या चिरंजिवांचे सारे बालपण बॅटरी धरून उभे राहण्यात गेले. तो पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला याचे श्रेय विश्वकर्मा निःसंकोचपणे स्वतःकडे घेतात.

घरी मोटार बांधण्याच्या या व्यसनाला इंग्लंडात मोठी परंपरा आहे, आणि तिचा उगम, बहुतेक इंग्रजी परंपरांप्रमाणे, करचुकवेगिरीत नसला तरी कराच्या आसपासच सापडतो. तयार मोटारीवर त्या काळी जबर खरेदीकर असे आणि सुट्या भागांच्या संचावर तो नसे; म्हणून कॉलिन चॅपमन नावाच्या चतुर पुरुषाने १९५७ साली काढलेली लोटस सेव्हन ही चिमुकली मोटार पेटाऱ्यांत भरून लोकांच्या दारात आणून टाकावयास आरंभ केला. संचाबरोबर जोडणीचे मार्गदर्शन देण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून कंपनीने मोटार सुटी कशी करावी याचे पत्रक दिले आणि गिऱ्हाइकांनी ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले, अशी आख्यायिका आहे. विश्वकर्मा ती प्रत्येक अभ्यागताला पुराणिकाच्या निष्ठेने ऐकवतात. १९७३ साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, सवलतीचा आधार नाहीसा झाला, लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम येथील एका विक्रेत्याच्या स्वाधीन केले. परंतु तोवर सरकारला ठकवण्याचा आनंद संपला तरी बायकोच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करण्याचा आनंद शिल्लक उरतो, हे तद्देशीय पुरुषवर्गाच्या ध्यानी आलेले होते.

अशी नवी मोटार बांधावयाची तर आधी एक जुनी मोडावी लागते. विश्वकर्म्यांनी त्यासाठी ट्रायम्फ हेराल्ड निवडली. १९५९ पासून १९७१ पर्यंत ही गाडी याच कॉव्हेंट्रीतल्या कॅनले येथील कारखान्यात निघत असे. तिचे रूप मिकेलोत्ती या इटालियन रेखनकाराने घडवले होते, आणि बाकीचे कारखानदार सांगाडा व अंग एकजीव करू लागले असताना हिने मात्र जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी राखली होती. परिणामी बोल्ट सोडवून वरचे अंग उचलले की खाली एंजिन, गिअरबॉक्स व चारही चाकांसह एक चालता सांगाडा मोकळा होतो, आणि त्यावर पाहिजे ते कलेवर चढवता येते. विश्वकर्म्यांना चढवावयाचे होते ते १९३६ ते १९५५ या काळातल्या टी मालिकेतील एम.जी.सारखे: लांबट बॉनेट, उघडे छप्पर, पायरी असलेली मडगार्डे, आणि जेमतेम दोन माणसांची बैठक. सत्तरीच्या नि ऐंशीच्या दशकांत या छंदापायी कोण जाणे किती हेराल्डी कापल्या गेल्या. आता हेराल्डच दुर्मिळ झाली असून तिचे रक्षण करणाऱ्या मंडळ्या स्थापन झाल्या आहेत. जुनी दिसणारी गाडी मिळावी म्हणून खरोखरीची जुनी गाडी मोडावी, हा व्यवहार मला तेव्हाही उमजला नाही. आणि वाडवडिलांचे वाडे पाडून त्या जागी ‘वाडा’ नावाची उपाहारगृहे बांधणाऱ्या आमच्या पुणेकर आप्तांनाही तो कधी समजावून सांगता आलेला नाही.

त्यातून विश्वकर्म्यांचा हात उद्यमनगरात घडलेला. दुसऱ्याने केलेली वस्तू आहे तशी वापरणे हा त्यांच्या मते आळस. म्हणून त्यांनी त्या निरोगी चासीचे बाहेर आलेले हात कापले, स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नवे वेल्ड केले, आणि ‘कॅनलेवाल्यांना हे सुचायला पायजे होतं’ असा शेरा मारला. या सुधारणेचे फळ त्यांना यथावकाश मिळावयाचे होते.

दरम्यान राज्ययंत्र स्वस्थ बसले नव्हते. १९९८ साली सरकारने घरगुती मोटारींसाठी एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा सक्तीची केली. त्यापूर्वी गाडी पुरी झाली असती तर साध्या वार्षिक तपासणीवर सुटका होती. परंतु वायरिंग राहिले होते. विश्वकर्म्यांनी नव्या नियमांचे बाड मागवले, तांबड्या पेन्सिलीने खुणा करून त्याचे पारायण केले, बरीचशी कलमे मुखोद्गत केली, आणि आता अर्ज टाकावयाचा एवढ्यात, म्हणजे साधारण अकरा वर्षांनी, २००९ साली, सरकारने ती परीक्षा रद्द करून तिच्या जागी अधिक कडक परीक्षा आणली. ‘हे लोक एका गोष्टीवर ठाम राहत नाहीत,’ असे त्यांनी अत्यंत उद्विग्न होऊन मला सांगितले.

हे वायरिंग त्यांना जमत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. गणेशोत्सवात ऐन आरतीच्या वेळी सभागृहातले दिवे गेले आणि यजमान हवालदिल झाले, तेव्हा हा गृहस्थ खिशातल्या टेस्टरनिशी स्टेजखाली शिरला आणि प्रसाद वाटून होण्यापूर्वी सर्वत्र लख्ख उजेड करून, गुडघे झाडीत, उकडीच्या मोदकाची चौकशी करू लागला. माझ्या मोटारीचा मागला दिवा त्यांनी भर हिमवर्षावात, मी न सांगता, रात्री दहा वाजता दुरुस्त केला आहे. वायरिंग ज्याला येत नाही त्याचे ते राहते ही आपली भाबडी समजूत. ज्याला काम संपण्याचीच धास्ती आहे, त्याचे ते जन्मभर राहू शकते.

आणि तरीही ते झाले. विश्वकर्मा पुतण्याच्या लग्नासाठी कोल्हापुरास गेले होते, आणि घरी वहिनी एकट्या होत्या. वहिनींनी निवृत्त होईपर्यंत येथल्या एका टेलिफोनच्या कारखान्यात एक्स्चेंजच्या तारा जोडण्याचे काम केले होते. परंतु गॅरेजात त्यांना पाचारण होई ते चहाच्या ट्रेसह, त्यामुळे या विद्येचा तेथे उपयोग करून घ्यावा असे कुणाच्या मनात येण्याचे कारणच पडले नव्हते. तारांच्या रंगांचा तक्ता वर्षानुवर्षे फ्रिजच्या दारावर चिकटलेला होता: तपकिरी म्हणजे सदा जिवंत, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवी फ्यूजच्या पुढली, निळी मोठ्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. दूध काढताना नि ठेवताना तो त्यांना पाठ झाला होता. विश्वकर्मा परतले तेव्हा गॅरेजात दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, उजवा दर्शक उजवीकडेच लुकलुकत होता, आणि तारांचे जुडगे असे रेखीव बांधलेले होते की त्यात दोष काढण्यासाठी ते चष्मा बदलून दोन वेळा आत वाकले व दोन्ही वेळा काही न बोलता उभे राहिले. ‘आता काय राहिलंय ते सांगा,’ वहिनी म्हणाल्या.

त्यानंतरचे काही आठवडे आम्हा शेजाऱ्यांना फार कठीण गेले. ‘कुठवर आलं?’ असे विचारले की गृहस्थ तोंड उघडीत, थबकत, आणि हवामानाविषयी बोलू लागत.

अखेर गाडी परीक्षेस बसली. या परीक्षेत तपासनीस शंभर मिलिमीटर व्यासाचा एक गोळा घेऊन येतो, आणि तो गोळा गाडीच्या बाहेरल्या ज्या ज्या भागास टेकेल त्या प्रत्येक कडेची गोलाई निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची असावी लागते; म्हणून उमेदवार आदल्या रात्री प्रत्येक नटावर प्लॅस्टिकची टोपी आणि प्रत्येक पत्र्यावर रबराची किनार चढवतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर घरी येऊन सारे उतरवून ठेवतात, हे तपासनिसालाही पुरते ठाऊक असते. पहिल्या खेपेस आरशाच्या दांडीची कड बोचली, दुसऱ्या खेपेस गाडी सुटली. वायरिंगबद्दल निकालपत्रात एक अक्षरही नव्हते, आणि याचे वैषम्य वहिनींपेक्षा त्यांनाच अधिक वाटले.

नोंदणीच्या दफ्तराने मात्र चासी कापल्याचा मुद्दा बरोबर पकडला. २०२५ पर्यंतच्या नियमाने मूळ सांगाड्यात फेरफार झाला की जुना क्रमांक जात असे आणि ‘क्यू’ या अक्षराने आरंभ होणारा नवा मिळत असे; त्याचा सरकारी अर्थ इतकाच की या वाहनाचे वय अथवा कूळ निश्चित सांगता येत नाही. ते पत्र आले त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. ज्या माणसाने एकेका बोल्टाची पावती तारीखवार लावून ठेवली आहे, तो आता लंडनपर्यंत तक्रार नेणार, अशी माझी अटकळ होती. तो पत्र हातात धरून हसत होता.

‘माझंबी तसंच आहे की,’ ते म्हणाले. ‘शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावली. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची एक जून. आई म्हणायची, गुऱ्हाळं चालू होती तेव्हा झालास. आता जूनमध्ये कुठलं आलंय गुऱ्हाळ? पण तीच तारीख पासपोर्टात, तीच पेन्शनीत. मला घेतलं की नाही या सरकारनं? मग हिलाबी घेतलं.’ मग, चिंधीने नंबराची पाटी पुसता पुसता, मी न विचारलेले सांगू लागले. हेराल्ड मद्रासलाही तयार होत असे, १९६१ पासून, स्टँडर्ड हेराल्ड या नावाने. गल्लीतल्या डॉक्टरांनी तशी एक घेतली होती, आणि तिचे सबंध बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडून डॉक्टरांचा ड्रायव्हर आत डोकावला की हा पोरगा लेथ सोडून तिथे जाऊन उभा राहत असे. हात लावण्याची परवानगी नव्हती. ‘मग इथं आल्यावर पहिली तीच घेतली. मुलं त्याच गाडीतनं शाळेला गेली. गंजली, म्हणून मोडली.’

तेव्हा कुठे माझ्या ध्यानी आले, की त्यांच्या बागेच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली इतकी वर्षे जे पडून आहे, आणि जे मी कोळशाचे कोठार समजत होतो, ते हेराल्डचे उतरवलेले अंग असावे. दारे, काचा, मागची बैठक, सारे शाबूत नसले तरी जागेवर होते.

नवी गाडी एक उन्हाळा फिरली. मलाही एकदा फिरवून आणण्यात आले. वारा कानात शिरतो, गुडघे हनुवटीला लागतात, आणि वाटेतल्या वृद्ध इंग्रजांनी टोपी काढून केलेले अभिवादन मूळ कोणत्या गाडीस उद्देशून होते याचा खुलासा करणे सभ्यपणाचे होत नाही. थोरला मुलगा लेकीला घेऊन आला, तेव्हा तीन माणसे दोन आसनांत कशी बसवावी याचा बराच ऊहापोह होऊन अखेर नातीला बसने बागेत नेण्यात आले.

परवा सकाळी गृहस्थ कुंपणाशी उभे. श्रॉपशरमध्ये कोणाकडे हेराल्डची एक चांगली चासी आहे, न कापलेली. शनिवारी मोकळे असाल तर ट्रेलरला दुसरा माणूस हवा. मी वहिनींकडे पाहिले. त्या वाळत घातलेले कपडे काढीत होत्या.

‘तिला मागं सीट असते ना हो?’ त्यांनी विचारले.

‘असते की.’

‘मग आणा. पण ह्या वेळी वायरिंग आधी. आणि ते मी करणार.’